पुढचे वेगळे, मागचे वेगळे

शनिवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास काळुराम म्हात्रेंची निळी गाडी मानपाड्याच्या टायरच्या दुकानापुढे लंगडत येऊन थांबली. प्राची तेव्हा एका व्हॅनचं चाक बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवत होती. फतफत आवाज कानावर आला तेव्हाच तिला कळलं की हे साधं पंक्चर नाही. तिनं मशीन बंद केलं, हात फडक्याला पुसले आणि ती बाहेर आली.

अख्ख्या मानपाड्यात तशी गाडी एकच होती. दोन माणसं बसतील एवढीच, उंचीला जेमतेम छातीपर्यंत, आणि इंजिन पुढे नाही तर सीटच्या पाठीशी. काळुराम अठ्ठावन्न वर्षांचे. वडिलोपार्जित भातशेतीवर गृहसंकुल उभं राहिलं, तेव्हा भावांनी लग्नाचा हॉल काढला, मुलांनी गाळे घेतले. काळुरामनी गेल्या वर्षी ही गाडी घेतली. लोक हसले, पण तिच्यात बसल्यावर त्यांचा चेहरा असा उजळायचा की हसणारेही पुढे हसायचे थांबले.

"बघ गो पोरी जरा," दार वर उचलत ते म्हणाले. "मेट्रोच्या कामाजवळ लोखंडाची सळी वर आलेली. मना दिसलीच नाय."

प्राचीनं डावं मागचं चाक पाहिलं. टायरच्या बाजूला बोटभर लांब चीर होती, आतले धागे बाहेर आले होते.

"काका, हा गेला. साइड कट आहे. तळाला भोक असतं तर बुजवलं असतं, बाजू फाटली की टायर टाकायचाच."

"मग दुसरा लाव."

"या मापाचा हाच टायर इथे कोण ठेवणार? बाहेरून मागवावा लागेल. तीन आठवडे धरा."

काळुराम फुटपाथवरच बसले. "उद्या शर्यत हाय," ते म्हणाले.

शर्यत म्हणजे ठाण्याच्या एका मोटर क्लबनं भिवंडीपलीकडे, एका बंद पडलेल्या कंटेनर यार्डात ठेवलेली घड्याळाची शर्यत. काँक्रीटच्या मैदानावर शंकू मांडून वाट आखायची, एका वेळी एकच गाडी सोडायची, आणि कोण कमी वेळात फिरून येतो ते बघायचं. प्रत्येक गाडीला तीन फेऱ्या, त्यातली सर्वात चांगली धरायची. मागच्या खेपेला काळुराम अकरा जणांत सातवे आले होते आणि तेव्हापासून दर आठवड्याला प्राचीकडे येऊन गाडीचं काही ना काही बघून घेत होते.

आतून प्राचीचे वडील दौलत बाहेर आले. पाटणजवळच्या गावातून ते डोंबिवलीत आले तेव्हा हातात पंक्चरचं सामान आणि एक हातपंप एवढंच होतं. आता दुकानात गाड्या उचलायच्या दोन लिफ्ट होत्या, पण टायरला हात लावल्याशिवाय ते अजून मत देत नसत. त्यांनी वाकून चीर चाचपली.

"म्हात्रेशेठ, शर्यत विसरा. आणि एकच टायर बदलून चालणार नाही. एका एक्सलवर, डावीकडे एक नि उजवीकडे दुसरा, असे दोन जातीचे टायर मी लावत नाही."

"दोन्ही मागचे बदला. दुसऱ्या कंपनीचे लावा, मना काय त्याचं?"

"पुढे एक जात, मागे दुसरी? तेही नाही." दौलतनी मान हलवली. "चारी सारखे असले तर गाडी एका मनानं चालते. मी एकदा गिऱ्हाइकाचं ऐकलं होतं. पुढे नवीन कोरे लावले, मागे जुने झिजलेले ठेवले. शिळ रोडला ओल्या रस्त्यावर मागची बाजू पुढे आली. त्याचा हात मोडला, जीव वाचला. त्यानंतर मी कुणाचं ऐकत नाही."

प्राचीनं हे आधीही ऐकलं होतं. पण या वेळी तिच्या डोक्यात दुसरंच काही चाललं होतं.

"बाबा, तेव्हा पकड पुढे जास्त होती आणि मागे कमी. म्हणून शेपूट सुटलं. उलटं केलं तर?"

"उलटं म्हणजे?"

"मागे पुढच्यापेक्षा जास्त धरणारे टायर. मग शेपूट सुटणार नाही. फार तर नाक वळायला कुरकुर करेल. गाडी हळू होईल, पण गिरकी घेणार नाही. आणि उद्या मोकळं मैदान आहे, सुकं आहे, समोरून कोणी येणार नाही."

दौलतनी पुढच्या टायरवर अंगठा दाबून पाहिला. मग त्यांनी विचारलं, "आणि तसे टायर कुठे मिळणार?"

हे काळुरामना माहीत होतं. त्यांनी खिशातून फोन काढला. घोडबंदर रोडला सर्वेश म्हणून एक जण राहायचा, कुठल्याशा आयटी कंपनीत होता, आणि त्याच्याकडे हीच गाडी करड्या रंगात होती. मागच्या शर्यतीत तोच पहिला आला होता. त्याच्याकडे मागच्या चाकांचे मऊ रबराचे दोन टायर होते. खास शर्यतीसाठी, पण रस्त्यावरही चालणारे. एकदाच वापरून काढून ठेवले होते.

"आपल्याला हरवणारा माणूस आपल्याला टायर देईल?" प्राचीनं विचारलं.

"विचारायला काय जातं," म्हणत काळुरामनी फोन लावला. दोन मिनिटांत ते उठून उभे राहिले. "ये म्हणतो. त्याला पण मी उद्या पायजेल हाय. एकट्यानं जिंकून मजा येत नाय म्हणाला."

दुकानाची पिकअप काढून प्राची आणि काळुराम ठाण्याला निघाले. कापूरबावडीला पोहोचेपर्यंत दुपार झाली आणि पुढे घोडबंदर रोडवर गाड्या अशा तुंबल्या होत्या की काळुराम खाली उतरून उसाचा रस पिऊन परत आले तरी पिकअप तिथेच होती. प्राचीला मात्र आज ट्रॅफिकचा वैताग येत नव्हता. ती मनातल्या मनात गाडीचं वजन मागेपुढे सरकवून बघत होती. इंजिन मागे, टायर मागे रुंद, त्यात आता मागेच जास्त पकड. नाक हलकं. म्हणजे पुढची हवा थोडी कमी. किती? दोन पौंड? तीन?

सर्वेशनं पार्किंगमध्ये दोन्ही टायर भिंतीला टेकवून ठेवले होते. पस्तिशीचा, चष्मेवाला, बोलायला साधा. प्राचीनं टायरवर नख दाबलं. नखाची खूण उमटली आणि हळूहळू भरून आली.

"हे थंडीत चालतात?" तिनं विचारलं.

"तापले की चालतात," सर्वेश म्हणाला. "मी लावले तेव्हा पुढेही याच जातीचे होते, म्हणून मला फरक नाही कळला. पुढचे विकले, हे दोनच उरले. तू फक्त मागेच लावणार? पुढे जुनेच टायर?"

"हो."

"मग मलाही बघायचंय काय होतं ते," तो म्हणाला आणि एक टायर स्वतः उचलून पिकअपमध्ये ठेवला.

संध्याकाळी सहाच्या आत टायर बसले, बॅलन्सिंग झालं. दौलतनी चारी चाकांचे नट स्वतः आवळले. मग ते म्हणाले, "उद्या मी पण येतो. पिकअपमधून मागे मागे राहीन. रस्त्यावर चाळीसच्या वर जायचं नाही."

रविवारी सकाळी यार्डात चांगलाच गारवा होता. काँक्रीटवर दव सुकलं होतं, पण ऊन अजून गोदामांच्या मागेच होतं. अकरा गाड्या रांगेत उभ्या होत्या आणि बघायला दीड-दोनशे माणसं जमली होती. टेबलावर फॉर्म भरताना काळुरामनी काहीतरी जास्तीचं लिहिलं. प्राचीनं वाकून पाहिलं. 'दुसरा चालक' या रकान्यात तिचं नाव होतं.

"काका, हे काय?"

"नियमात हाय. एका गाडीवर दोघं चालतात. असू दे लिहिलेलं. रकाना रिकामा वाईट दिसतो."

पहिल्या फेरीत काळुराम एकटे गेले. झेंडा पडला, निळी गाडी गुरगुरत सुटली, आणि पहिल्याच डाव्या वळणावर तिचं शेपूट भसकन बाहेर आलं. प्राची दोन पावलं पुढे धावली. मागे जास्त पकड आहे म्हणून तिनं शब्द दिला होता आणि मागचीच बाजू घसरत होती. काळुरामनी स्टिअरिंग उलटं मारून गाडी कशीबशी सावरली. मग तिसऱ्या वळणावर नेमकं उलटं झालं. स्टिअरिंग पूर्ण फिरलेलं, पुढची चाकं वळलेली, आणि गाडी मात्र हट्टी रेड्यासारखी सरळच निघाली. एक शंकू उडाला. शंकूचे दोन सेकंद धरून अडुसष्ट सेकंद.

काळुराम बाहेर आले ते हेल्मेट काढायच्या आधीच बोलत होते.

"ही एक गाडी हाय का दोन? आधी शेपूट सुटतं, मग नाक वळत नाय. पोरी, मना काय समजंना."

दौलत गाडीजवळ आले. 'मी सांगितलं होतं' असं ते म्हणाले नाहीत, आणि प्राचीला त्याचंच जास्त वाईट वाटलं. ती चाकाजवळ गुडघ्यावर बसली. मागच्या टायरवर तळहात ठेवला. गरम, आणि चिकट. बारीक खडी त्याला गुळाला मुंग्या लागाव्यात तशी चिकटली होती. मग पुढे गेली. पुढचा टायर कोमटच, पण बाहेरची कड पार बाजूवरच्या कंपनीच्या अक्षरांपर्यंत घासलेली.

तिनं पुन्हा मागचा टायर चाचपला, पुन्हा पुढचा. आणि मग तिला एकदम उलगडलं. ती उठली तेव्हा तिचे कान गरम झाले होते.

"बाबा, दोन्ही एकाच कारणानं झालंय. मऊ रबर थंड असताना धरत नाही. सुरुवातीला मागचे थंड होते, म्हणून शेपूट सुटलं. तिसऱ्या वळणापर्यंत ते तापले आणि पुढच्यांपेक्षा जास्त धरायला लागले. मग नाक ढकललं गेलं, ही बघा कड कशी घासली आहे. पुढच्या टायरना तापायची एवढी गरजच नाही, ते पहिल्यापासून सारखेच आहेत. बदलतायत ते फक्त मागचे."

दौलतनी पुढच्या टायरच्या कडेवरून बोट फिरवलं. मग मागच्या. त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली.

"म्हणजे सुटायच्या आधीच मागचे गरम पाहिजेत," ते म्हणाले.

"हो. आणि तापल्यावर नाक वळावं म्हणून पुढची हवा दोननं कमी, मागची तीननं जास्त."

"मागची दोननं," दौलत म्हणाले. "तापली की आणखी एक आपोआप वाढेल."

हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. तिनं वडिलांकडे पाहिलं, पण ते तोवर पिकअपकडे निघालेसुद्धा होते. एव्हाना ऊन यार्डात उतरलं होतं. त्यांनी गाडी ढकलून तिची पाठ उन्हाकडे करायला लावली, पिकअपवरचं काळं रेक्झिन आणून मागच्या चाकांवर पांघरलं आणि दोन्ही हातांनी नीट खोचलं. शेजारच्या रांगेतली माणसं बघायला आली. सर्वेशही आला. त्याची पहिली फेरी बासष्ट पूर्णांक एकमध्ये झाली होती, सगळ्यांत पुढे.

"चांगली शक्कल आहे," रेक्झिनकडे बघत तो म्हणाला. "आता नाकाचं काय?"

"ते काकांनी करायचं," प्राची म्हणाली.

दुसऱ्या फेरीला ती शेजारच्या सीटवर बसली. गाडी इतकी बुटकी होती की तिला वाटलं आपण जमिनीवरच बसलोय. रांगेत थांबण्याऐवजी काळुरामनी मागच्या मोकळ्या पट्ट्यात चार वेळा जोरात गाडी पळवली आणि थांबवली. झेंड्यापाशी आल्यावर प्राची म्हणाली, "काका, वळणाआधी ब्रेक मारता आणि वळायच्या आत पाय काढून घेता. पाय काढला की पुढचं वजन मागे जातं, नाक हलकं होतं. जरासा ब्रेक ठेवूनच वळवा."

काळुराम तिच्याकडे बघतच राहिले. "विटांचा टेम्पो," ते म्हणाले.

"काय?"

"बारा वर्षं मी विटांचा टेम्पो चालवला, पोरी. मागे विटा जास्त झाल्या का पुढचं चाक रस्त्यावर टेकतंय का नाय कळायचं नाय. तवा मी असाच वळवायचो, ब्रेकवर पाय ठेवून, नाक दाबून. नायतर सरळ खाडीत. माझ्या डोक्यातून गेलेलं."

झेंडा पडला. प्राचीची पाठ सीटमध्ये रुतली. पहिलं वळण आलं, आणि शेपूट जागेवरच राहिलं, जणू काँक्रीटला खिळलेलं. तिच्या तोंडून हसूच फुटलं. दुसऱ्या वळणाला काळुरामचा पाय ब्रेकवर हलका राहिला, नाक खाली दबलं आणि आत आलं. तिसरं, चौथं. शंकू खिडकीबाहेर लाल रेघांसारखे निघून जात होते. सातव्या वळणावर मात्र ते जुन्या सवयीनं पाय काढून बसले आणि गाडी बाहेर वाहत गेली.

चौसष्ट पूर्णांक शून्य. मागच्या शर्यतीतल्या त्यांच्या स्वतःच्या वेळेपेक्षा तीन सेकंद कमी. काळुरामनी स्टिअरिंगवर दोन थापा मारल्या. "चार नंबरला आलो आपण."

तिसऱ्या फेरीची वेळ झाली तेव्हा ते चालकाच्या बाजूला गेलेच नाहीत. हेल्मेट त्यांनी प्राचीपुढे धरलं.

"मना समजतं सगळं, पण पाय ऐकत नाय. तू चालव."

"काका, मी शर्यत कधी केली नाहीये."

"अलाइनमेंट झाल्यावर रोज दहा गाड्या चालवून बघतंस. कुठची गाडी कुठं खेचते ते तुझ्या हाताला कळतं. माझी तर तुना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक हाय."

तिनं वडिलांकडे पाहिलं. दौलत खाली बसून मागच्या टायरची हवा मोजत होते. मान वर न करताच ते म्हणाले, "केस आत घाल नीट. हेल्मेटचा पट्टा अडकेल."

प्राचीनं सीट पुढे ओढली. हातात स्टिअरिंग आल्यावर मात्र भीती कुठे गेली ते तिला कळलंच नाही. रोजचंच काम होतं हे. गाडी काय सांगते ते ऐकायचं. मोकळ्या पट्ट्यात मागचे टायर तापवताना तिला सीटखालून जाणवलं, आधी गाडी जराशी सरकत होती, चौथ्या वेळेला सरकेनाशी झाली. आता तयार.

झेंडा पडला.

पहिलं वळण तिनं थोडं जपूनच घेतलं. दुसऱ्याला ब्रेकवर पाय ठेवून नाक दाबलं आणि पुढच्या चाकांनी काँक्रीट पकडल्याचं थेट तळहातात आलं. मग तिला गाडीचे दोन स्वभाव वेगवेगळे ऐकू यायला लागले. पुढचे टायर बारीक कुईकुई करत सांगत होते, आता बास, याहून जास्त मागू नकोस. मागचे गप्प होते, त्यांच्याकडे अजून बरंच शिल्लक होतं. म्हणजे वळणात घाई करायची नाही, आणि वळण सुटलं की मागच्यांवर सगळा भार टाकायचा. चौथ्या वळणातून बाहेर पडताना तिनं ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. पाठीमागे इंजिन कडाडलं, शेपूट तसूभरही हललं नाही आणि गाडी बाणासारखी सुटली. पाचवं. सहावं. सातव्याला, जिथे काळुराम वाहत गेले होते, तिनं ब्रेक आणखी क्षणभर धरून ठेवला आणि आतल्या शंकूला गाडी जवळजवळ चाटून गेली. तो हलला, पण पडला नाही. शेवटच्या सरळ पट्ट्यात ती मोठ्यानं काहीतरी ओरडत होती, पण काय ते नंतर तिला आठवलं नाही.

गाडी थांबली तेव्हा बाहेर इतका गलका होता की वेळ ऐकूच आली नाही. काळुराम धावत येत होते, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी ते धावताना प्राचीनं प्रथमच पाहिलं.

"बासष्ट चार. बासष्ट चार झाले गो," ते दारातूनच म्हणाले.

सर्वेशच्या बासष्ट पूर्णांक एकपेक्षा तीन दशांश जास्त. त्याच्या उरलेल्या फेऱ्यांतही तो स्वतःच्या वेळेच्या खाली आला नाही, आणि दुसरं कुणी बासष्ट चारच्याही खाली आलं नाही. अकरा गाड्यांत निळी गाडी दुसरी.

सर्वेशनं येऊन तिचा हात हातात घेऊन हलवला. "माझेच टायर लावून मला घाम फोडलास. पुढच्या शनिवारी माझी गाडी घेऊन येतो, तिलाही अशी हवा बघून दे."

दौलत सगळ्यांच्या मागे उभे होते. गर्दी पांगल्यावर ते जवळ आले.

"चौथ्या वळणाला तू ब्रेकवरून पाय लवकर काढलास," ते म्हणाले. "अजून गाडीभर अंतर ब्रेक ठेवला असतास तर तीन दशांश तिथेच होते."

"बाबा, तुम्ही एवढं बघत होता?"

"मग काय करणार. मला श्वासच घेता येत नव्हता, म्हटलं वळणं तरी मोजू." आणि मग ते हसले, असे की प्राचीलाही आवरेना.

परत येताना काळुरामनी किल्ली तिच्याकडेच ठेवली. दुर्गाडीच्या पुलावर मुलं स्कूटरवरून फोन धरून गाडीचे फोटो काढत होती. पत्रीपुलाशी सिग्नलला एका रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, "ताई, ॲव्हरेज किती देते?" काळुरामनी शेजारून उत्तर दिलं, "बासष्ट पूर्णांक चार," आणि तो बिचारा सिग्नल सुटेपर्यंत हिशोब लावत बसला.

मानपाड्याला म्हात्र्यांच्या अंगणात गाडी शिरली तेव्हा सखुबाई, काळुरामची बायको, पापड उन्हातून उचलत होती. चालकाच्या बाजूनं प्राची उतरलेली बघून तिनं डोळ्यांवर हात धरला.

"तू चालवत आणलीस?"

"शर्यतीत पण तीच चालवली," काळुराम म्हणाले. "दुसरा नंबर."

सखुबाईनं पापडांचं सूप बाजेवर ठेवलं. गाडी येऊन वर्ष होत आलं होतं, पण ती अजून एकदाही तिच्यात बसली नव्हती. नवऱ्याबद्दल तिचं म्हणणं ठरलेलं होतं. यो गाडी नाय चालवत, इमान उडवतो. आता तिनं पदर कमरेला खोचला, गाडीला एक फेरी मारली आणि वर उघडलेल्या दाराखाली वाकून आत डोकावली.

"यात आधी पाय घालायचा का डोकं?" तिनं प्राचीला विचारलं.

"आधी बसायचं, काकी. मग पाय आत घ्यायचे."

सखुबाई बसली. खाली एवढं खोल असेल याचा तिला अंदाज नव्हता, ती धपकन आत गेली आणि क्षणभर घाबरून मग खुदकन हसली. प्राचीनं तिचा पट्टा लावून दिला. काळुराम अंगणातच उभे राहिले, त्यांच्यासाठी जागाच उरली नव्हती.

"कुठं जायचं, काकी?"

"कोपरला माझी बहीण राहते," सखुबाई म्हणाली. "आधी तिच्या दारावरनं ने. हळू ने, तिला नीट दिसायला पायजे."

प्राचीनं गाडी फाटकाबाहेर काढली आणि रस्ता मोकळा बघून, अगदी जरासाच, ॲक्सिलरेटर दाबला.